उच्च रक्तदाब इतका सर्रास का आढळतो? त्याचा धोका नेमका कशाने वाढतो?

मृगांक:

नियमित आरोग्य तपासणीत माझा रक्तदाब १३८/८८ निघाला. माझे वय ४२ आहे. डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू केली नाही. काही दिवस घरी मोजून नोंद ठेवा आणि मग पुन्हा भेटा, एवढेच सांगितले. माझ्या आई-वडिलांना, दोघांनाही, रक्तदाबाचा विकार आहे आणि वडिलांना साठी गाठण्यापूर्वीच पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे. त्यामुळे हा आकडा पाहिल्यापासून मन स्वस्थ नाही.

आजूबाजूच्यांना विचारले की परस्परविरोधी उत्तरे मिळतात. कोणी म्हणतात, वय वाढले की प्रत्येकाचाच रक्तदाब वाढतो, त्यात काळजीचे काही नाही. कोणी म्हणतात, हा सगळा ताणाचा परिणाम आहे, मन शांत ठेव म्हणजे आपोआप उतरेल. माझे एक सहकारी अगदी सडपातळ आणि निर्व्यसनी असूनही अनेक वर्षे गोळी घेतात, तर दुसऱ्या एका स्थूल सहकाऱ्यांचा रक्तदाब दरवेळी व्यवस्थित असतो. अशी उदाहरणे पाहिली की कारणांविषयी जे सांगितले जाते त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हेच कळेनासे होते.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की हा विकार खरोखर किती लोकांना असतो, घराण्यात असेल तर तो टाळता येत नाही असे समजावे का, आणि मीठ, वजन, ताण, झोप यांपैकी कशाचा वाटा किती असतो? माझा आकडा १४० च्या आत आहे, म्हणजे मी सुरक्षित आहे असे मानणे योग्य होईल का?

सप्तपर्णी:

मृगांक, सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते; मधल्या प्रश्नांवर वैद्यकीय व्यवसायातील सदस्यांनी लिहावे.

या विषयावरचा एक अतिशय मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १८४ देशांतील १,२०१ पाहण्यांमध्ये मोजल्या गेलेल्या १० कोटी ४० लाख लोकांची माहिती त्यात एकत्र केली होती. त्यानुसार ३० ते ७९ या वयोगटात ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आहे, अथवा जे त्यासाठी औषध घेत आहेत, अशा लोकांची संख्या १९९० साली सुमारे ६५ कोटी होती, ती २०१९ साली सुमारे १२८ कोटी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्यानंतरच्या अंदाजानुसार २०२४ साली ती १४० कोटींच्या घरात गेली. म्हणजे या वयातल्या दर तीन माणसांपैकी साधारण एकाला हा विकार आहे. वयाचा फरक वजा करून पाहिले, तर हे प्रमाण तीस वर्षांत जवळपास होते तिथेच राहिले आहे. संख्या दुप्पट झाली ती मुख्यतः लोकसंख्या वाढल्यामुळे आणि माणसे अधिक वर्षे जगू लागल्यामुळे.

परंतु जागतिक सरासरी स्थिर दिसते तिच्या आत मोठी उलथापालथ झालेली आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एके काळी हा श्रीमंत देशांचा विकार समजला जाई. त्यांपैकी बऱ्याच देशांत प्रमाण उतरले, आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या अनेक देशांत ते चढले. आज सुमारे दोन तृतीयांश रुग्ण या दुसऱ्या गटातील देशांमध्ये राहतात. कॅनडा आणि पेरू या दोन देशांची आर्थिक स्थिती आणि राहणी एकमेकांपासून किती वेगळी, तरी दोन्हीकडे स्त्री-पुरुष दोघांतही हे प्रमाण दर चार माणसांमागे एकाहून कमी आहे. एखादी गोष्ट एका पिढीच्या काळात देशोदेशी इतकी वरखाली होऊ शकते, याचा अर्थ ती केवळ वयाचा किंवा रक्ताचा भाग नव्हे, असाच घ्यावा लागतो.

दुसरी बाब नकळतपणाची. त्याच अभ्यासात उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांपैकी ४१ टक्के आणि पुरुषांपैकी ५१ टक्के जणांना आपल्याला तो आहे हे पूर्वी कधीच कोणी सांगितलेले नव्हते. रक्तदाब औषधाने मर्यादेत आणला गेला होता तो केवळ २३ टक्के स्त्रियांचा आणि १८ टक्के पुरुषांचा. बहुतेकांना काहीही जाणवत नाही. डोके दुखले तर रक्तदाब वाढला असेल, अन्यथा नाही, हा समज म्हणूनच घातक आहे. २०१९ साली जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख मृत्यू वाढलेल्या रक्तदाबाशी निगडित असल्याचे अनुमान आहे. धोक्याच्या इतर कोणत्याही एका कारणापेक्षा ही संख्या मोठी आहे.

आता तुमच्या १३८ विषयी. १४० ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. उपचाराचा निर्णय कुठेतरी घ्यावा लागतो म्हणून माणसांनी ती आखली. २००२ साली ६१ दीर्घकालीन अभ्यासांतील १० लाख प्रौढांची माहिती एकत्र तपासली गेली. ४० ते ६९ या वयात वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयरोहिणीच्या विकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण थेट ११५/७५ पासून सुरू होते, असे तिच्यात दिसले. रेषा थोडी सरकवली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली ती १३०/८० वर आणली, आणि तिथल्या प्रौढांतील उच्च रक्तदाबाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. कोणाच्याही शरीरात त्या दिवशी काहीही बदलले नव्हते. युरोपातील तज्ज्ञांनी २०२४ साली १४०/९० ही व्याख्या कायम ठेवली, परंतु १२०/७० पासून १४०/९० पर्यंतच्या पट्ट्याला ‘वाढलेला रक्तदाब’ असे स्वतंत्र नाव दिले. तुमचा आकडा एका व्याख्येनुसार विकारात मोडतो आणि दुसऱ्या व्याख्येनुसार विकाराच्या अलीकडे राहतो. दोन्ही व्याख्यांनुसार तो लक्ष देण्याजोगा मात्र आहे.

जेफ्री रोझ या ब्रिटिश रोगपरिस्थितिविज्ञान (समाजात रोग कोणाला आणि का होतात याचा अभ्यास) तज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. धोका फार असलेली माणसे थोडी असतात आणि धोका मध्यम असलेली माणसे अगणित असतात, त्यामुळे एकूण झटक्यांपैकी मोठा भाग या मध्यम धोक्याच्या लोकांतूनच येतो. तुम्ही आणि मी बहुधा त्याच गर्दीत आहोत. संपूर्ण समाजाची सरासरी दोन-तीन अंकांनी जरी खाली आली, तरी त्याचा लाभ अतिउच्च रक्तदाबाच्या मोजक्या लोकांवर उपचार करण्याहून मोठा ठरू शकतो. मिठाविषयी सरकारांनी धोरणे आखावीत असा आग्रह आरोग्य संघटना धरतात, त्यामागे हेच गणित आहे.

निरामय:

सप्तपर्णी यांनी आकडेवारी उत्तम मांडली आहे. मी फिजिशियन म्हणून काम करतो; कारणांविषयी जे निश्चितपणे सांगता येते तेवढे लिहितो. मृगांक, तुमची प्रकृती तपासल्यावाचून तुमच्याविषयी निदान करणे योग्य नव्हे, म्हणून हे सर्वसाधारण विवेचन समजावे.

‘वय अधिक १००’ इतका वरचा आकडा चालतो, ही समजूत अजूनही ऐकू येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही साधारण असाच विचार करीत. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून अवयवांना रक्त पोचवायचे तर दाब वाढायलाच हवा, अशी त्यांची धारणा होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब शेवटच्या काळात सातत्याने चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्या दिवशीची नोंद ३००/१९० अशी आहे. जगातील सर्वांत शक्तिशाली माणसाच्या डॉक्टरांकडेही तेव्हा परिणामकारक औषध नव्हते. सहज घेता येतील अशा, लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस आल्या, आणि दाब उतरवल्याने झटके खरोखर टळतात हे नियंत्रित चाचण्यांनी साठच्या दशकात दाखवून दिले.

वयाबरोबर रक्तदाब वाढतो हे निरीक्षण खरेच आहे. महारोहिणी आणि इतर मोठ्या धमन्यांच्या भिंतींतील लवचिक तंतू झिजतात, त्यांची जागा ताठर तंतू घेतात, आणि हृदयाने ढकललेले रक्त सामावून घेताना भिंत पूर्वीइतकी फुगत नाही. म्हणून पन्नाशीनंतर वरचा आकडा चढत राहतो आणि खालचा पुष्कळदा उतरू लागतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात, ज्यांना ५५ ते ६५ या वयापर्यंत उच्च रक्तदाब नव्हता, त्यांनाही उरलेल्या आयुष्यात तो होण्याची शक्यता ९० टक्के निघाली.

मात्र ‘सर्वांना होतो’ आणि ‘होणे अटळ आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या ३२ देशांतील अभ्यासात ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या यानोमामी लोकांचाही समावेश होता. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नसते. त्यांचा सरासरी रक्तदाब ९५/६१ च्या आसपास होता आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता. अर्थात त्यांचे जीवन इतरही अनेक बाबतींत वेगळे आहे, म्हणून सगळे श्रेय मिठाच्या अभावाला देता येणार नाही. त्याहून मला केनियातील लुओ लोकांचा अभ्यास अधिक बोलका वाटतो. गाव सोडून नैरोबीत आलेल्या तरुणांचे रक्तदाब, गावीच राहिलेल्या त्यांच्या समाजबांधवांशी ताडून पाहिले गेले. शहरात आल्यानंतर थोड्याच महिन्यांत स्थलांतरितांचा रक्तदाब वर सरकला होता. त्यांच्या लघवीतील सोडियम वाढले होते, पोटॅशियम घटले होते आणि वजनही वाढले होते. समाज तोच, वंश तोच, परंतु परिस्थिती बदलताच आकडा बदलला.

यावरून आनुवंशिकतेचे उत्तरही मिळते. माणसामाणसांतील रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के भाग अनुवंशाने समजावून देता येतो. त्याला जबाबदार असा एखादा जनुक नसतो. जनुकसंचातील हजाराहून अधिक ठिकाणे आतापर्यंत सापडली आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचा परिणाम अगदी थोडा असतो. आई-वडील दोघांनाही विकार असेल तर तुमचा धोका निश्चितच वाढलेला आहे. पण घराण्याकडून जे येते ते परिस्थितीला अधिक प्रतिसाद देणारे शरीर असते, आणि परिस्थिती आपल्याला काही अंशी तरी बदलता येते. शिवाय एका घरात जनुकांबरोबर स्वयंपाक, दिनक्रम आणि सवयीही वारशाने येतात, हे मोजताना वेगळे काढणे कठीण असते.

तुमच्या दोन सहकाऱ्यांचे कोडेही यातच सुटते. मीठ सर्वांच्या शरीरात सारखे वागत नाही. मूत्रपिंडाने जास्तीचे सोडियम बाहेर टाकायचे असते. ज्यांची मूत्रपिंडे ते सहज टाकतात त्यांचा दाब फारसा हलत नाही, आणि ज्यांना त्यासाठी अधिक दाबाची गरज पडते त्यांचा रक्तदाब हळूहळू वरच्या पातळीवर स्थिरावतो. वाढते वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार यांत ही संवेदनशीलता वाढते. जन्मतः वजन फार कमी असलेल्या बाळांत पुढे उच्च रक्तदाबाचे प्रमाण जास्त आढळते, त्याचे एक संभाव्य कारण मूत्रपिंडातील गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या कमी राहणे हे मानले जाते. सडपातळ माणसाच्या वाट्याला यांतील काहीही आलेले असू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

मिठाविषयी मात्र आता फारसा संशय उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते आणि जगाची सरासरी १०.८ ग्रॅम आहे, म्हणजे दुपटीहून अधिक. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आहारचाचणीत, भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ भरपूर असलेला आणि सोडियम कमी असलेला आहार नेहमीच्या, अधिक सोडियमच्या आहाराशी ताडून पाहिला गेला. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा त्याने ११.५ ने आणि नसलेल्यांचाही सुमारे ७ ने उतरला. एका गोळीने सर्वसाधारणपणे जेवढा फरक पडतो, त्याच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. मिठाचा विचार करताना पोटॅशियमची कमतरता सहसा विसरली जाते. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरले गेले; सुमारे पाच वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. परंतु मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू असतील, तर असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढू शकते.

वजनाचा हिशेब साधा आहे. एक किलो वजन उतरले की वरचा आकडा सरासरी सुमारे एकने उतरतो. पोटाच्या आतील चरबी विशेष त्रासदायक असते, कारण तिच्यामुळे मूत्रपिंडावर प्रत्यक्ष दाब येतो, अनैच्छिक चेतासंस्था उत्तेजित राहते आणि सोडियम धरून ठेवणारी संप्रेरके वाढतात. मद्याच्या बाबतीत प्रमाण वाढेल तसा रक्तदाब वाढत जातो, आणि थोडे मद्य रक्तदाबाला हितकारक असते या म्हणण्याला आधार सापडत नाही. व्यायामाने, म्हणजे आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालण्याइतक्या श्रमाने, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरू शकतो. यांपैकी एकाचाच विचार करून थांबणे मला योग्य वाटत नाही, कारण बहुतेक लोकांत चार-पाच लहान कारणे मिळून मोठा आकडा तयार करतात.

शब्दवेल:

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट या चर्चेत यायला हवी, कारण तपासणीच्या वेळी ती क्वचितच विचारली जाते. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर मला रक्तदाब वाढण्याचा आणि लघवीतून प्रथिने जाण्याचा त्रास झाला होता. बाळंतपणानंतर सर्व काही पूर्ववत झाले, म्हणून तो प्रसंग संपला असे घरातल्या सर्वांनी गृहीत धरले. पुढे एका तज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले की प्रीएक्लँप्सिया, म्हणजे गरोदरपणातील हाच त्रास, होऊन गेलेल्या स्त्रीला नंतरच्या आयुष्यात उच्च रक्तदाब होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत तीन ते चार पट असतो, आणि हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोकाही वाढलेला असतो. तेव्हापासून मी दरवर्षी न चुकता रक्तदाब मोजून घेते.

ज्यांना असा त्रास झाला असेल, त्यांनी तो कितीही जुना असला तरी प्रत्येक नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगावा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही काही जणींचा रक्तदाब वाढतो. त्या सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यानंतर तो मोजायला हवा. पन्नाशीपर्यंत पुरुषांत हा विकार जास्त आढळतो, परंतु रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतील प्रमाण वेगाने वाढते आणि उतारवयात ते पुरुषांच्या बरोबरीला किंवा पुढेही जाते. ‘हा पुरुषांचा आजार’ असे म्हणत आपल्या आया, मावश्या आणि आत्या वर्षानुवर्षे न मोजता राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मृगांक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांच्या आजारपणापासून मनात घर करून राहिलेली ‘आता हे ठरलेलेच आहे’ ही भावना या उत्तरांनी बरीच सैल झाली.

निरामय, तुमच्या उत्तरात ताणाचा आणि झोपेचा उल्लेख आला नाही, म्हणून पुन्हा विचारतो. मी झोपेत मोठ्याने घोरतो असे पत्नी सांगते, आणि पुरेशा तासांची झोप होऊनही दुपारी डोळे मिटू लागतात. शिवाय कंबरदुखीसाठी मी वरचेवर वेदनाशामक गोळ्या घेतो. या गोष्टींचा रक्तदाबाशी संबंध असू शकतो का? आणि चहा-कॉफी व धूम्रपान यांविषयी काय सांगाल? मी धूम्रपान करीत नाही, परंतु धाकटा भाऊ करतो, आणि त्याचा रक्तदाब उत्तम असल्यामुळे तो निर्धास्त आहे.

निरामय:

तुम्ही विचारलेत ते फार बरे झाले, कारण घोरणे आणि वेदनाशामके या दोन गोष्टी तुमच्या डॉक्टरांना समजल्याच पाहिजेत.

मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे ही झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची, लक्षणे असू शकतात. घशातील मार्ग वारंवार बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि प्रत्येक वेळी चेतासंस्था रक्तदाब उसळवते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. या विकारात ती उतरण नाहीशी होते. तीन औषधे देऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांत हा झोपेचा विकार फार मोठ्या प्रमाणावर सापडतो. पत्नीला एवढेच विचारा की घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन मग तुम्ही दचकून श्वास घेता का. तसे होत असेल, तर झोपेची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवतात, रक्तदाब काही अंकांनी वाढवतात आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणामही बोथट करतात. सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या स्युडोएफेड्रिनसारख्या गोळ्या, स्टिरॉइड, पाण्यात फसफसणाऱ्या सोडियमयुक्त गोळ्या आणि दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतलेले ज्येष्ठमध यांनीही तसेच घडते. ज्येष्ठमध वनस्पतिजन्य आहे म्हणून निरुपद्रवी असेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यातील घटक मूत्रपिंडातील एका विकराला (एन्झाइमला) रोखतो, सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. तुमच्या गोळ्या मनाने बंद करू नका, परंतु पर्याय आहे का ते डॉक्टरांना अवश्य विचारा.

ताणाविषयी मी मुद्दाम जपून लिहितो. भीती, राग किंवा वेदना यांनी रक्तदाब काही काळ पुष्कळ चढतो, यात शंका नाही. सततच्या ताणाचा दीर्घकालीन परिणाम असतो असे सुचवणारे अभ्यासही आहेत, परंतु मीठ, वजन आणि मद्य यांच्याइतका तो स्पष्टपणे मोजता आलेला नाही. माझ्या अनुभवात सर्व दोष ताणावर टाकल्याने दोन प्रकारचे नुकसान होते. एक तर माणूस मोजणे आणि औषध घेणे लांबणीवर टाकतो, आणि दुसरे म्हणजे ‘मला शांत राहता येत नाही’ असा अपराधभाव त्याच्या मनात उगाच रुजतो. ताण कमी करणे चांगलेच. त्याच्या भरवशावर उपचार थांबवणे चांगले नाही.

कॉफीतील कॅफिनने, विशेषतः सवय नसलेल्यांचा, रक्तदाब काही तास वाढतो. रोज माफक घेणाऱ्यांत कायमचा उच्च रक्तदाब होतो असे दिसत नाही. धूम्रपानाचे वेगळे आहे. प्रत्येक सिगारेट थोडा वेळ रक्तदाब वाढवते, आणि त्यापलीकडे ती रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते. त्यामुळे आकडा उत्तम असूनही झटक्याचा धोका खूप वाढलेला असतो. तुमच्या भावाला रक्तदाबाच्या यंत्रावरून निर्धास्त होता येणार नाही, हे त्याला कृपया स्पष्ट सांगा.

आणखी एक बाब थोडक्यात सांगतो. साधारण दहापैकी एखाद्या रुग्णात उच्च रक्तदाबामागे दुसरा निश्चित आजार असतो, जसे की मूत्रपिंडाचा विकार, मूत्रपिंडाच्या धमनीतील अरुंदपणा, थायरॉइडचे बिघाड, किंवा अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवणे. फार कमी वयात, अचानक, किंवा कमी पोटॅशियमसह रक्तदाब वाढला असेल तर याचा शोध घ्यावा लागतो.

उत्तररंग:

मी परिचारिका म्हणून काम केले आहे. मृगांक आता घरी नोंद ठेवणार आहेत, म्हणून मोजण्याच्या पद्धतीविषयी लिहिते. वरची सर्व चर्चा शेवटी त्या आकड्यावर उभी आहे, आणि तो आकडा घाईत मोजला तर सहज दहा-पंधराने चुकतो.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पायांवर पाय टाकलेले नाहीत, आणि दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, अशी बैठक हवी. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि तो दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वर येतो. मोजताना बोलू नये. सकाळी औषध व नाश्त्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे सलग सात दिवस करून पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी.

घरच्या सरासरीसाठी १३५/८५ ही रेषा धरली जाते, दवाखान्यातील १४०/९० ही नव्हे. दवाखान्यात जास्त आणि घरी व्यवस्थित असे काहींचे असते; उलट दवाखान्यात व्यवस्थित आणि घरी जास्त असणारेही असतात, आणि हा दुसरा प्रकार अधिक चिंतेचा, कारण तो दवाखान्यात सापडतच नाही. तुमचा १३८ हा अशा सीमेवरचा आकडा असल्यामुळेच डॉक्टरांनी घरची नोंद मागितली असावी.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. वरच्या आकड्यात थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. ज्या हातावर तो जास्त येईल, पुढे नेहमी त्याच हातावर मोजत जा. मात्र फरक सातत्याने १० पेक्षा अधिक राहिला, तर नोंदवहीत तो ठळकपणे लिहून डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या.